ऊस बिलाचा हिशेब घरच्या संगणकावर
(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



लागण, बेणेप्रक्रिया, खत, पाणी, खोडवा व्यवस्थापन यांविषयी या पानातून आपण वेळोवेळी वाचत आला आहात. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण शेतीबाहेरचा नाही. उसाचे पैसे आपल्या खात्यावर जमा होईपर्यंत त्याची नोंद किमान पाच ठिकाणी होते. गट ऑफिसची ऊस नोंद, तोडणीची स्लिप, वजनकाट्याची पावती, कारखान्याचे ऊस बिल आणि बँकेचे पासबुक. या पाचही कागदांचा मेळ घालू शकणारा माणूस एकच, तो म्हणजे सभासद स्वतः. आणि हे कागद घरात असतात कुठे? कॅलेंडरच्या मागे, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, नाहीतर तारेला टोचलेले. पावती थर्मल कागदावरची असेल तर उन्हात ठेवल्यावर अक्षरे उडून जातात आणि हातात कोरी चिठ्ठी राहते.

एका खेपेचा हिशेब करून बघा. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचे वजन २७.४८० टन, रिकाम्याचे ८.१३० टन, निव्वळ ऊस १९.३५० टन. उदाहरणापुरता दर टनाला ३,१०० रुपये धरला तर ही एक खेप ५९,९८५ रुपयांची झाली. सोळा-सतरा खेपांच्या बिलात ही एक खेप दुसऱ्याच्या कोड नंबरवर पडली, तर नजरेने ती चूक सापडत नाही. पावती क्रमांक एकाखाली एक लावल्याशिवाय ती सापडायची नाही.

दुसरी गोष्ट तारखांची. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत द्यावयाची असते आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज देय होते. कायद्यात आहे, तेव्हा कारखान्याच्या अंकात सांगायला हरकत नसावी. एक लाख रुपये ३० दिवस उशिरा मिळाले तर १,२३३ रुपयांच्या आसपास व्याज होते. परंतु खेप कधी पोचली आणि पैसे कधी जमा झाले, या दोन्ही तारखा ज्याच्याकडे लिहिलेल्या असतील त्यालाच हा हिशेब मांडता येईल. तोंडी सांगून कुठल्याच टेबलावर चालत नाही.

आता अनेक घरांत संगणक आहे. मुलामुलींच्या शिक्षणासाठी घेतलेला असतो आणि शिक्षण झाल्यावर त्यावर कापड पडलेले असते. त्याच संगणकावर हा हिशेब ठेवता येतो. त्यासाठी लिबरऑफिस हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्यात ‘कॅल्क’ म्हणजे तक्त्याचा भाग आणि ‘बेस’ म्हणजे डेटाबेसचा, माहितीसाठ्याचा भाग. बेस नीट चालण्यासाठी जावा नावाचा आणखी एक मोफत कार्यक्रम संगणकावर असावा लागतो. तो नसेल तर बेस अडून बसतो आणि माणसाला वाटते आपलेच काहीतरी चुकले.

तक्ता आणि डेटाबेस यात फरक काय? ज्यांनी सोसायटीत सचिवाचे काम पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा लिहितात आणि त्यावरून खतावणीत प्रत्येकाच्या खाती चढवतात. डेटाबेसमध्ये फक्त रोजकीर्द लिहायची. खतावणी लिहावी लागत नाही, मागावी लागते. ‘अमुक प्लॉटच्या सगळ्या खेपा दाखव’, ‘या पंधरवड्यात किती टन गेला ते सांग’, असा प्रश्न एकदा तयार करून ठेवला की उत्तर दर वेळी ताजे मिळते. या प्रश्नालाच क्वेरी म्हणतात.

आपल्या कामाला चार कोष्टके पुरतात. पहिले प्लॉटचे: नोंद क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, जात, आडसाली की सुरू की खोडवा. दुसरे खेपांचे: काट्याची पावती क्रमांक, तारीख, वाहन, भरलेले वजन, रिकामे वजन आणि कोणत्या नोंद क्रमांकाचा ऊस. तिसरे जमा-कपातीचे: बिल क्रमांक, तारीख, ढोबळ रक्कम, सोसायटी वसुली, ठेव, इतर कपात, खात्यावर जमा. चौथे खर्चाचे. निव्वळ वजनाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही, कारण ते वजाबाकीने निघते. जे निघू शकते ते लिहून ठेवले की एक दिवस दोन आकडे दोन गोष्टी सांगू लागतात.

सदर कोष्टके एकमेकांना नोंद क्रमांकाने जोडावीत. जोडणी केल्यावर जो प्लॉट पहिल्या कोष्टकात नाही त्याच्या नावे खेप टाकूच दिली जात नाही. तसेच पावती क्रमांकाला ‘मुख्य कळ’ करावे. म्हणजे तीच पावती घाईत दोनदा टाकली तर संगणक दुसरी वेळ नाकारतो. मात्र दर हंगामाला काट्याचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत असतील तर क्रमांकाच्या आधी हंगामाचे वर्ष जोडून लिहावे, नाहीतर पुढच्या वर्षी पहिलीच पावती अडेल.

आता रकान्यांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

क्षेत्र लिहिताना आपण १ एकर २० गुंठे हे १.२० असे लिहितो. बोलायला ते बरोबर, पण संगणकाला १.२० म्हणजे १ एकर ८ गुंठे. आपला एकर ४० गुंठ्यांचा, त्याचा दशांश शंभराचा. खरे क्षेत्र १.५० एकर. त्या प्लॉटात ६६ टन ऊस निघाला असेल तर खरा उतारा एकरी ४४ टन, पण संगणक ५५ दाखवील. अकरा टनांचे खोटे समाधान! मग पुढच्या वर्षी खताचे नियोजन कशावर करणार? म्हणून एकर आणि गुंठे हे दोन वेगळे रकाने करावेत, किंवा सातबाऱ्याप्रमाणे हेक्टर-आर धरावे. हेक्टरचे आर शंभर असल्याने तिथे दशांश चुकत नाही.

बँक खाते क्रमांक आणि सभासद कोड हे दिसायला आकडे असले तरी त्यांची बेरीज-वजाबाकी कोणी करीत नाही. ते ‘मजकूर’ म्हणून ठेवावेत. संख्या म्हणून ठेवल्यास सुरुवातीची शून्ये गळतात. शिवाय एक्सेलसारख्या तक्त्यात १५ अंकांपलीकडची संख्या अचूक राहत नाही. १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. त्या क्रमांकावर कोणी पैसे पाठवले तर काय होईल हे सांगायला नको.

तारीख ‘तारीख’ म्हणूनच ठेवावी आणि संगणकाची मांडणी दिवस-महिना-वर्ष अशी आहे ना, हे आधी बघावे. काही संगणकांवर अमेरिकन पद्धत असते. तिथे ०५/१२ टाकले की ५ डिसेंबरची १२ मे होते. मे महिन्यात धुराडे बंद असते, तरी संगणक तक्रार करीत नाही, आणि वर सांगितलेल्या १४ दिवसांचा हिशेब पार कोलमडतो.

रकमेच्या रकान्यात फक्त अंक टाकावेत. ‘रु.’ किंवा ‘/-’ लावले की तो आकडा राहत नाही, अक्षर होतो. काही कार्यक्रमांत देवनागरी अंकही अक्षरेच समजली जातात, त्यामुळे बेरीज करावयाच्या रकान्यात इंग्रजी अंक वापरणे सोयीचे. नावे मात्र मराठीतच लिहावीत, पण युनिकोडमध्ये. छपाईसाठी वापरण्याच्या जुन्या फॉन्टात लिहिलेले नाव त्याच फॉन्टात मराठी दिसते. दुसऱ्या संगणकावर नेले की इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

खेपा टाकून झाल्या की मेळ घालणे सोपे आहे. कारखान्याच्या बिलासोबतच्या यादीतील पावती क्रमांक एका कोष्टकात घ्यावेत आणि ‘माझ्याकडे आहे पण यादीत नाही’ असा प्रश्न विचारावा. मग उलटाही विचारावा. दुसरा प्रश्न लोक विचारीत नाहीत! जादा पडलेली खेप दुसऱ्या सभासदाची असते आणि ती केव्हातरी परत वळती होतेच, तेव्हा बिलातून एकदम मोठी कपात दिसते आणि घरात गोंधळ उडतो. कपातींचाही असाच मेळ सोसायटीच्या पावत्यांशी घालावा. तफावत निघाल्यास पावती क्रमांक, तारीख आणि वजन लिहिलेला कागद घेऊन गट ऑफिसला यावे. ‘माझा ऊस कमी धरला’ एवढ्यावर कारकुनाला काही शोधता येत नाही. पावती क्रमांक दिला की पाच मिनिटांचे काम.

माहिती बाहेर काढणे, ज्याला एक्सपोर्ट म्हणतात, हे कर्जासाठी, विम्यासाठी किंवा भावाभावांतील वाटणीच्या हिशेबासाठी लागते. बेसमधील कोष्टक किंवा क्वेरी उचलून कॅल्कच्या कोऱ्या तक्त्यात आणून सोडली की माहिती उतरते. तिथून छापता येते किंवा सीएसव्ही या साध्या प्रकारात साठवता येते. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेला साधा मजकूर. कोणताही कार्यक्रम तो वाचतो, म्हणून दहा वर्षांनीही उघडण्याची खात्री याच प्रकाराची जास्त. साठवताना अक्षरसंच ‘यूटीएफ-८’ निवडावा. अशी फाइल एक्सेलमध्ये नुसती दोनदा टिचकी मारून उघडल्यास मराठी नावे बिघडलेली दिसू शकतात. घाबरून जाऊ नये. माहिती शाबूत असते, वाचण्याची रीत चुकलेली असते. कॅल्कमध्ये उघडताना एक चौकट पुढे येते. तिथे यूटीएफ-८ निवडून खाते क्रमांकाच्या रकान्याला ‘मजकूर’ आणि तारखेला ‘दिवस-महिना-वर्ष’ सांगावे.

उतरवून घेतलेला तक्ता हा फोटोसारखा असतो. मूळ बदलले तरी तो बदलत नाही. कोणी चूक दाखविली तर दुरुस्ती मूळ कोष्टकात करावी आणि तक्ता नव्याने काढावा. उतरवलेल्या प्रतीवरच खोडाखोड केली की घरात दोन हिशेब तयार होतात. एका घरात थोरल्याकडे एक आणि धाकट्याकडे एक अशा दोन प्रती मी पाहिल्या आहेत. दोघेही प्रामाणिक आणि दोघांची बेरीज वेगळी. वाटणी तीन महिने अडली.

राहिली देखभाल. बेसमध्ये नोंद टाकल्यावर ती कोष्टकात दिसते, पण मुख्य फाइल ‘सेव्ह’ केल्याशिवाय ती पक्की झाली असे समजू नये. आपल्याकडे लोडशेडिंग सांगून येत नाही. चार-पाच पावत्या झाल्या की सेव्ह करण्याची सवय ठेवावी. फाइलची प्रत काढताना कार्यक्रम आधी पूर्ण बंद करावा. चालू फाइलची प्रत अर्धवट येऊ शकते. पुसलेल्या नोंदींची जागा फाइलमध्ये अडून राहते, म्हणून हंगाम संपल्यावर टूल्समधील एसक्यूएलच्या चौकटीत ‘चेकपॉइंट डीफ्रॅग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत देऊन फाइल आवळून घ्यावी. हे काम प्रत काढल्यानंतर करावे, आधी नव्हे.

प्रती तीन असाव्यात. एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर आणि एक घराबाहेर. तिसरी प्रत पुष्कळांना जास्तीची वाटते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी घराघरांत पाणी शिरले, तेव्हा संगणक आणि त्याच्याच खणात ठेवलेला पेनड्राइव्ह दोन्ही एकदमच भिजले असते. बाहेरची प्रत उंचावरच्या गावातील लेकीकडे ठेवा किंवा स्वतःच्या ई-मेलवर पाठवा, पण त्याच छपराखाली नको. प्रतीच्या नावात तारीख घालावी. आणि हंगामातून एकदा जुनी प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून खेपांची संख्या मोजून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न उगवलेले बेणे. डोळा फुटेल तेव्हा खरे.

मूळ पावत्या मात्र टाकू नयेत. संगणकातली नोंद आपण स्वतः केलेली असते, वाद झाला तर काट्याची पावतीच मागितली जाते. थर्मल पावतीचा मोबाइलवर त्याच दिवशी फोटो काढून फाइलला पावती क्रमांकाचे नाव द्यावे.

वरील चार कोष्टकांचा कोरा नमुना गट ऑफिसला करून ठेवला आहे. येताना स्वतःचा पेनड्राइव्ह आणावा, तो व्हायरससाठी आधी तपासला जाईल, आणि शक्यतो काटा बंद असण्याच्या दिवसांत यावे. शेतकी कर्मचारी तोडणीच्या वेळी फडात असतात.