राजा, रंक आणि प्रजा

मोहने, ता. कल्याण

चि. बाळ यास,

पत्र पावले. तलाठीपदाच्या परीक्षेसाठी विरुद्धार्थी शब्द पाठ करताना ‘राजा’पुढे एका पुस्तकात ‘रंक’ आणि दुसऱ्यात ‘प्रजा’ आढळल्याने तू गोंधळलास. दोन्ही शब्द रूढ आहेत. पर्यायांत जो असेल त्यावर खूण कर. परंतु ज्या पदासाठी हे पाठांतर चालले आहे, त्या पदावर बसल्यानंतर या दोहोंतील भेद तुझ्या नित्य उपयोगाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रंक म्हणजे केवळ ऐश्वर्याचा अभाव. राजा असो वा नसो, रंक असतोच. प्रजेवाचून मात्र राजा क्षणभरही राजा राहत नाही. स्वामी-सेवक, नेता-अनुयायी, शास्ता-शासित, धनी-चाकर या जोड्या याच दुसऱ्या जातीच्या, आणि एकाच मनुष्याच्या ठायी त्यांची दोन्ही पदे नांदू शकतात. मराठेशाहीतील मोठमोठे अंमलदार वरिष्ठांस लिहिताना स्वतःस ‘सेवक’ म्हणवून ‘विज्ञापना’ करीत आणि हाताखालच्यांस ‘आज्ञा’ करीत. दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुत्लकचे पद मिळवणारे महादजी शिंदे १७९२ साली पुण्यास आले, तेव्हा त्यांनी पेशव्यांचे जोडे उचलण्याचा आपला पिढीजाद मान पुढे केला, अशी आख्यायिका इतिहासकारांनी नोंदवली आहे. स्वतःस ‘पाटील’ म्हणवून घेणे तर त्यांना अखेरपर्यंत प्रिय होते. त्या नम्रतेत राजकारणही होते, हे मी नाकारीत नाही. तरी सत्ता कोणाच्या नावे चालते याचे भान त्यांस होते, हे मला मोठे वाटते.

प्रजेवाचून राजा नाही, हे गावातही दिसले: आपल्या मोहने गावातील रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला, तेव्हा यंत्रांवरचे हात थांबताच ‘साहेब’ हा शब्दही कसा पोकळ झाला, हे आम्ही पाहिले आहे.

आता तुझ्या दप्तराकडे वळतो. ‘जमीनमालक’ आणि ‘कूळ’ ही जोडी कित्येक पिढ्या अढळ समजली जाई. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यातील पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून, ठरावीक अपवाद वगळता, कसणारे कूळच जमिनीचे खरेदीदार मानले गेले, आणि किंमत भरून प्रमाणपत्र मिळाल्यावर, ज्याच्या बापाचे नाव सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त कूळ म्हणून पडले होते, त्याचे नाव कब्जेदार सदरी चढले. ज्या लेखणीने तो फेरफार लिहिला गेला तीच तुझ्या हाती येणार आहे. तीही पूर्वी वंशपरंपरेने कुलकर्ण्यांकडे असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली ती कुलकर्णी वतने खालसा करून तलाठी नेमले, आणि मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने ती रद्द झाली. म्हणूनच ज्याच्या घराण्यात कधी दप्तर नव्हते असा तुझ्यासारखा मुलगा आज या परीक्षेस बसू शकतो, हे विसरू नकोस.

वारसनोंदीसाठी एखादी वृद्धा तुझ्यासमोर उभी राहील, तेव्हा तिला रंक समजून ताटकळत ठेवू नकोस. ती प्रजा आहे, आणि तुझे आसन तिच्यामुळे आहे. तिला बसावयास खुर्ची दे, अर्ज आवक नोंदवहीत चढवून पोच हाती दे, आणि हरकतीची मुदत तोंडी समजावून सांग. नोटीस वाचता न येणारी माणसे अजून पुष्कळ आहेत.

तुझा,
काका