घटक ५ : वर्गणी, ऋण आणि नियतकालिक ('मूकनायक' ते 'जनता')

मागील घटकात आपण 'दर्पण'पासून 'सुधारक'पर्यंतच्या नियतकालिकांचा परिचय करून घेतला. तेथे आपला भर मजकुरावर होता. या घटकात आपण काहीशा रुक्ष वाटणाऱ्या एका प्रश्नाकडे वळणार आहोत : हा मजकूर छापण्याचा खर्च कोण भागवत होते? घटकाचा अभ्यास केल्यानंतर वर्गणीदार, आश्रयदाता आणि संपादक यांच्या आर्थिक संबंधांचा नियतकालिकाच्या आयुष्यावर व भाषेवर कसा परिणाम होतो, हे तुम्हांला सोदाहरण स्पष्ट करता आले पाहिजे.

५.१ वर्गणीचा हिशोब

नियतकालिकाला पैसा मुख्यतः तीन वाटांनी मिळतो : वर्गणी, जाहिरात आणि देणगी. खर्चाच्या बाजूला कागद, जुळणी-छपाई, टपाल आणि संपादकीय श्रम असतात. यांतील पहिल्या तीन गोष्टींचे पैसे रोख मोजावे लागतात. चौथ्या गोष्टीचे पैसे बुडवता येतात, आणि मराठी नियतकालिकांच्या इतिहासात ते सर्रास बुडवले गेले आहेत. तुम्ही पुढे वाचाल त्या प्रत्येक पत्राबाबत ही बाब ध्यानात ठेवावी.

'मूकनायक' हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. राजर्षी शाहू महाराजांनी या पत्रास २५०० रुपयांचे साहाय्य केले. पत्राची वार्षिक वर्गणी अडीच रुपये होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. महाराजांची एक देणगी म्हणजे एक हजार वर्गणीदारांची वर्षभराची वर्गणी होय. ज्या समाजासाठी पत्र निघाले त्यातील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती आणि हाती रोख पैसा क्वचितच येई. अशा समाजातून एक हजार नियमित वर्गणीदार उभे करणे हे काही महिन्यांचे काम नव्हते. देणगीने पत्र सुरू होऊ शकते. ते चालू ठेवण्यासाठी मात्र दर पंधरवड्याला पैसा लागतो.

जाहिरातीची वाट तर जवळजवळ बंदच होती. जाहिरातदार वाचकांची क्रयशक्ती पाहतो. शिवाय स्वतः 'मूकनायक'लाच इतर पत्रांत आपली जाहिरात देणे अवघड गेले. 'केसरी'ने पैसे घेऊनही ती छापण्यास नकार दिला, असे आंबेडकरांनी पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये नमूद केले आहे. या घटनेचा उल्लेख बहुधा अस्पृश्यतेचे उदाहरण म्हणून होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिची आर्थिक बाजूही पाहावयास हवी. नव्या पत्राला वर्गणीदार मिळवायचा तर पत्र निघाले आहे हे आधी लोकांना कळावे लागते. ते कळवण्याचे रूढ साधनच येथे नाकारले गेले.

जुलै १९२० मध्ये आंबेडकर पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. पत्राची जबाबदारी ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्याकडे आली आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले.

विचार करा : एक अंक विकत घेतला जातो आणि वस्तीतील एखादा साक्षर मनुष्य तो दहा-बारा जणांना वाचून दाखवतो. अशा पत्राचे 'वाचक' किती आणि 'वर्गणीदार' किती? पत्राचा प्रभाव यांपैकी कोणत्या आकड्यावरून मोजाल, आणि छापखान्याचे बिल कोणत्या आकड्यावरून भागेल?

५.२ 'ऋण' या शब्दाची निवड

'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ रोजी निघाला. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. या वेळी आंबेडकर उघडपणे संपादक होते, आणि मदतनीस नसल्याने बरेचदा अंकाचे चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याने लिहावे लागत. दिवसा इतर कामे आणि रात्री अंकाचा मजकूर, असा हा क्रम होता. आपण वर उल्लेखिलेला चौथा खर्च, संपादकीय श्रम, येथे पूर्णपणे संपादकाच्या खात्यावर पडला. आज या अग्रलेखांचा आवाका पाहून आपण थक्क होतो. तो एका माणसाचा विनामूल्य वेळ होता, हे मात्र चटकन विसरतो.

१९२८ च्या आरंभी या पत्रात 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या शीर्षकाचा लेख आला. मराठीच्या विद्यार्थ्याने या शीर्षकाशी थोडे थांबावे. पैसे मागण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही : दान, मदत, वर्गणी, देणगी, आश्रय, फंड. यांतील 'दान' आणि 'आश्रय' या शब्दांत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. शतकानुशतके ज्यांच्या पदरात उरलेसुरले टाकले गेले, त्या समाजाच्या मुखपत्राने पुन्हा दानाची भाषा बोलणे म्हणजे आपलाच युक्तिवाद खोडून काढणे ठरले असते. 'ऋण' हा शब्द हे नाते उलटे करतो. पत्राला आलेला तोटा हा संपादकाचा घरगुती तोटा राहत नाही. ज्यांच्यासाठी पत्र चालले त्यांनी फेडावयाचे ते देणे होते. 'लौकिक' या विशेषणाने त्याला सार्वजनिकत्व येते. शिवाय देवऋण, पितृऋण यांसारख्या पारंपरिक ऋणकल्पना वाचकाच्या कानात असतातच. त्यांच्या शेजारी इहलोकीचे, माणसांनी माणसांचे देणे येऊन बसते. शीर्षक प्रश्नार्थक आहे, हेही महत्त्वाचे. वाचकावर हुकूम न सोडता त्याच्याकडूनच होकार मिळवण्याची ही रीत आहे.

माझ्या मते या काळातील आर्थिक आवाहने आपण वाङ्मय म्हणून पुरेशी वाचलेली नाहीत. ती परिशिष्टात ढकलली जातात. वास्तविक, संपादक आपल्या वाचकाला कोण समजतो, हे अग्रलेखाइतकेच वर्गणीच्या विनंतीतून कळते.

एवढे करूनही 'बहिष्कृत भारत' नोव्हेंबर १९२९ मध्ये थांबले.

५.३ टिकलेली पत्रे काय वेगळे करत होती?

तुलनेसाठी 'दीनमित्र' घ्या. सत्यशोधक विचारांचे हे पत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये सुरू केले आणि अहमदनगर जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून ते १९६७ पर्यंत चालवले. छापखाना गावातच, संपादक गावातच आणि वाचक बराचसा शेतकरी. शहरातील भाडे व मजुरी यांचा भार नसल्याने थोडक्या पैशांत अंक निघू शकत होता. अर्थात येथेही एका व्यक्तीचे आयुष्यभराचे श्रम हिशोबाबाहेरच राहिले.

'जनता'ने दुसरी वाट धरली. २४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झालेले हे पत्र १९५६ पर्यंत त्याच नावाने चालले आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याचे 'प्रबुद्ध भारत' झाले. देवराव नाईक यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी संपादन सांभाळले. आंबेडकर परदेशी गेले म्हणून अंक अडला, ही 'मूकनायक'च्या वेळची अवस्था येथे उरली नाही. चळवळीचा स्वतःचा भारतभूषण छापखाना हाताशी असल्याने बाहेरच्या छापखान्याच्या उधारीचा धाकही कमी झाला. वर्गणीदार मात्र पूर्वीइतकेच गरीब होते. म्हणजे उत्पन्नाची बाजू फारशी न बदलता खर्चाची आणि श्रमाची विभागणी बदलली, आणि पत्र पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकले.

वाङ्मयेतिहासात 'अल्पजीवी' हे विशेषण आपण सहज वापरतो. त्यात नकळत दोषारोप असतो. 'मूकनायक'च्या तीन वर्षांना हे विशेषण लावताना, पदरचे पैसे असलेल्या किंवा मिशनचा आधार लाभलेल्या पत्राच्या दीर्घायुष्याशी आपण त्याची तुलना करत आहोत का, हे तपासून पाहा.

सरावासाठी : तुमच्या गावातील किंवा परिसरातील वर्गणीवर चालणारे एखादे नियतकालिक, वाचनालय अथवा अनियतकालिक निवडा. त्याच्या एका वर्षाच्या जमाखर्चाची माहिती संबंधितांच्या परवानगीने मिळवा. रोख खर्चाशेजारी एक स्वतंत्र रकाना आखून त्यात विनामूल्य केलेल्या कामाचे तास लिहा : मुद्रिते तपासणे, पत्ते लिहिणे, थकलेली वर्गणी मागायला जाणे. त्यानंतर वर्गणीसाठी काढलेले एखादे पत्रक घेऊन, त्यातील 'मागणे' व्यक्त करणाऱ्या शब्दांचे विवेचन सुमारे ३०० शब्दांत करा.