‘तिथं होऊन जाईल, मॅडम’

अ‍ॅमस्टरडॅमची सहल ठरली. मुलगी अकरावीला जाणार, मुलगा नववीला. म्हणजे पैसे मोजायच्या प्रत्येक ठिकाणी दोघंही मोठीच. विमानाचं पूर्ण तिकीट, शेंगेन व्हिसाची फीही बारा वर्षांपासून पूर्ण, ९० युरो. बोटांचे ठसे द्यायला मुलांनाही जावं लागतं, हे ट्रॅव्हल एजंटानं सांगितलं आदल्या रात्री. सकाळी मुलाचा गणिताचा पेपर!

तरी गप्प बसले. ओळखीतला माणूस, नणंदेनं सुचवलेला. जाहिरातीवर ट्यूलिपची शेतं होती आणि आम्ही निघणार मेअखेरीस. कॉयकेनहॉफची ट्यूलिपची बाग मेच्या मध्यालाच बंद होते. असो, फुलांसाठी मी जातच नव्हते.

लेकीची मागणी एकच होती, अ‍ॅन फ्रँकचं घर. डायरी तिनं पुन्हापुन्हा वाचलेली. पैसे भरण्याआधीच मी एजंटाला विचारलं होतं. मेसेज अजून फोनमध्ये आहे. उत्तर आलं, ‘तिथं होऊन जाईल, मॅडम.’

तिथं काय झालं, तर दारावरच्या मुलीनं नम्रपणे सांगितलं की इथे तिकीट विकतच नाहीत. सगळी तिकिटं ऑनलाइन. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखा खुल्या होतात आणि बघता बघता संपतात. एजंटाला हे ठाऊक नसेल? वर्षानुवर्षं युरोप विकणाऱ्या माणसाला? फोन केला, उचलला नाही. मग मेसेज आला, ‘बाहेरून फोटो काढा, छान येतो.’ लेक काही बोलली नाही, कालव्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. तिच्या रडण्यापेक्षा मला ते जड गेलं.

पुढचा धक्का राइक्सम्युझियममध्ये. तिकीटदराच्या पाटीवर स्पष्ट लिहिलेलं, अठरा वर्षांपर्यंत मोफत. व्हॅन गॉखच्या संग्रहालयातही अठरा वर्षांखालच्यांना पैसे नाहीत, फक्त वेळ आधी ठरवावी लागते. आणि आमच्या बिलात मुलांची दोन्हीकडची तिकिटं लावलेली! परत आल्यावर विचारलं तर म्हणे, ‘तो सर्व्हिस चार्ज आहे.’ बिलावर तसा शब्द कुठेच नाही. पैसे अजून मिळालेले नाहीत आणि नणंद म्हणते, जाऊ दे.

तर मोठ्या मुलांना घेऊन निघणाऱ्यांनी एवढं करा. कुठलंही संग्रहालय यादीत असलं की त्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन अठराखालचे दर बघा, मगच एजंटाचं बिल. ज्या एका जागेसाठी मूल येतंय, तिचं तिकीट हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. ‘करून देतो’ला काही किंमत नाही. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा ठशांची तारीख मुलांचं परीक्षेचं वेळापत्रक समोर ठेवून घ्या. हॉटेलचा पत्ता नकाशावर टाका. आमचं ‘अ‍ॅमस्टरडॅम’ निघालं हूफडॉर्प, विमानतळाच्या पलीकडचं वेगळंच गाव. संध्याकाळी पाचला बसनं तिथं परत, असा कार्यक्रम आखलेला. मेअखेरीला तिथे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. वयात आलेल्या मुलांना पाचला खोलीत कोंडून काय मिळतं? आम्ही दुसऱ्या दिवसापासून ती बस सोडून दिली.

बाकी नेहमीचं: पासपोर्टच्या प्रती ठेवा, छत्री घ्या, बूट जुने घाला. हो, ट्राममध्ये बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस. मुलांकडे कार्ड नसेल तर सरळ दिवसाचा पास काढा. सेंट्रल स्टेशनच्या मागून पलीकडच्या काठाला जाणाऱ्या बोटीला तर तिकीटच नाही. मुलगा त्या बोटीवरून उतरायलाच तयार नव्हता. एजंटाच्या यादीत ती नव्हती. फुकटात त्याला काय सुटणार!