एका घरात दोन अंमलदार

घरातील चार संगणकांना तारेने इंटरनेट जोडून घेणे हे काम वरकरणी इतके किरकोळ भासते की, ज्याच्या हाती पक्कड आणि खांद्यावर केबलचे भेंडोळे आहे अशा कोणाही कारागिराच्या ते निःशंकपणे स्वाधीन करावे. परंतु आमच्या घरी या किरकोळ कामाने जो मनस्ताप दिला, त्यातील मर्म इतरांच्या उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

थोरल्या चिरंजिवांची कचेरी घरात आली, सूनबाईंच्या शिकवण्या पडद्यावर सुरू झाल्या, नातवाच्या अभ्यासाची आणि माझ्या मुद्रितशोधनाची त्यात भर पडली. आणि आमच्या जुन्या घराच्या दीड हात जाडीच्या भिंतींपुढे वाय-फायची मात्रा चालेना, म्हणून खोलीखोलीत तार नेण्याचे ठरले. कंपनीच्या राउटरला पोर्ट चारच, त्यांतले दोन टीव्हीने व कॅमेऱ्यांनी आधीच अडविलेले. तेव्हा कारागिराने आपल्याजवळचा एक जुना राउटर माळ्यावर बसविला, पहिल्याची तार त्याच्या लॅन पोर्टात खोचली आणि मजुरी घेऊन तो मार्गस्थ झाला.

त्यानंतर आज सूनबाईंचा संगणक अडे, तर उद्या माझा. बंद करून पुन्हा सुरू केला की कधी चाले, कधी न चाले. तक्रार गुदरावी, तर कंपनीचा माणूस येऊन राउटरपर्यंतचा वेग यथास्थित असल्याचा निर्वाळा देऊन जाई. अखेर नातवाने चालणाऱ्या आणि अडलेल्या संगणकांचे आयपी पत्ते शेजारी-शेजारी लिहून काढले, तेव्हा असे आढळले की चालणाऱ्यांचे पत्ते १९२.१६८.१ ने आरंभ होतात आणि अडलेल्यांचे १९२.१६८.० ने.

उलगडा तिथेच झाला. संगणक जोडला जाताच पत्त्यासाठी साऱ्या जाळ्यात पुकारा करतो, आणि राउटरमधील डीएचसीपी ही व्यवस्था त्याला पत्ता व बाहेर जाण्याचा मार्ग नेमून देते. आमच्याकडे असे दोन अंमलदार जागे होते, आणि बहुधा जो आधी उत्तर देई त्याचाच हुकूम चाले. जुन्या राउटरच्या बाहेरच्या पोर्टात तार नसल्याने त्याच्या हुकमतीत गेलेला संगणक घरातच कोंडला जाई. एका गावाला दोन कुलकर्णी नेमून दोघांनीही आपापली दप्तरे चालवावीत, तसा हा कारभार होता.

म्हणून पोर्ट वाढवायचे असतील तर राउटर नव्हे, साधा गिगाबिट स्विच घ्यावा. तो पत्ते देत नाही, केवळ निरोप पोहोचवितो. जुनाच राउटर वापरणे भाग असेल, तर त्यातील डीएचसीपी बंद करावे, त्याला मुख्य राउटरच्याच मालिकेतला पण इतर कोणास न दिला जाणारा पत्ता द्यावा आणि तारा लॅन पोर्टांतच जोडाव्यात. राउटर आणि स्विच यांच्यामध्ये एकच तार असावी. जोर वाढेल या समजुतीने दुसरी जोडल्यास निरोप चक्राकार फिरत राहून सारे जाळे ठप्प होऊ शकते.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ आणि शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त खरी, पण ती लवकर तुटते. एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी आणि विजेच्या तारांच्या नळीतून ती कदापि नेऊ नये. आणखी एक गोम अशी की, केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात, १००० ला मात्र चारही लागतात, म्हणून टोकाशी उरलेल्या दोहोंपैकी एखादी जोडी नीट बसली नाही तरी इंटरनेट चालू दिसते, आणि वेग एकदशांशावर आल्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

सबब मजुरी चुकती करण्यापूर्वी प्रत्येक संगणकावर दोन गोष्टी पाहाव्यात: सर्वांचे पत्ते एकाच मालिकेतले आहेत ना, आणि जोडणीचा वेग १००० दाखविला जातो की १००. हा तपास अल्पावधीचा आहे आणि तो कारागीर दारात उभा असतानाच करावयाचा आहे. कारण तारा भिंतीत गेल्या आणि मजुरी खिशात गेली, म्हणजे दोष शोधण्याचे काम आणि त्याचा खर्च दोन्ही घरधन्याच्या माथी येतात.