लेकरांना शेजारी बसवायचं तर

पोरी, नवऱ्यासोबत दोन लेकरं घेऊन निघालीस, तिकीट काढलंस सीट न निवडता, स्वस्तातलं, आणि आता "मिळेल गं शेजारी" म्हणत निवांत बसली आहेस. तुझा स्वभावच तो! शेजारची सीट मिळते, पण त्याची तयारी घरातूनच करावी लागते. आधी हे वाच, मग बॅगा भर.

१. सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, काढ – एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने विमान कंपन्यांना बजावलंय की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालक यांच्यापैकी एकाजवळ तरी सीट द्यायची. धाकटीला तू वेगळ्या पीएनआरवर घेतलंस, तर हा आधार गेला. एक पीएनआर, एक पंगत.

२. मुलांचं वय बुकिंगमध्ये बरोबर भर, आणि जन्मदाखल्याची प्रत पर्समध्ये ठेव – वयावरून कुणी हटकलं, तर कागद दाखवला की विषय संपतो.

३. वेब चेक-इन उघडण्याच्या वेळेचा मोबाइलवर गजर लाव – आपल्याकडे बहुतेक कंपन्यांचं ते ४८ तास आधी सुरू होतं. पहिल्या तासात रांगाच्या रांगा मोकळ्या असतात, शेवटी उरतात त्या विखुरलेल्या मधल्या सीट.

४. बोर्डिंग पास हातात आला की सीटनंबर मोठ्याने वाच – तीन-तीनच्या विमानात १४सी आणि १४डी कागदावर शेजारी दिसतात, पण मधून येण्याजाण्याची वाट जाते. थोरल्याला ते चालेल, तीन वर्षांच्या धाकटीला नाही. एटीआरसारख्या छोट्या विमानात रांग दोन-दोनचीच असते, तिथे तर आधीच जोड्या ठरव.

५. चौघं एका रांगेत बसण्याचा हट्ट सोड – एक मोठं माणूस आणि एक लेकरू अशा दोन जोड्या मिळाल्या की काम झालं. तुम्ही नवरा-बायको दोन तास लांब बसलात तर काही बिघडत नाही.

६. सीट विखुरल्या असतील तर विमानतळावर आधी काउंटर, मग वडापाव – काउंटरवरच्या मुलीच्या संगणकात अजून रिकाम्या जागा असतात, तिला दोन कळा दाबून बदल करता येतो. लेकरांना समोर उभं कर, त्यांची वयं सांग, "एका मुलाजवळ एक जण तरी हवा" एवढंच माग. आवाज चढवू नकोस. ती सकाळपासून उभी आहे, आणि गोड बोलणाऱ्याचं काम ती मनापासून करते.

७. तिथे जमलं नाही तर गेटवर पुन्हा विचार, तेही बोर्डिंगची रांग लागण्याआधी – शेवटच्या क्षणी न आलेल्या प्रवाशांच्या जागा तिथेच कळतात.

८. विमानात सीट बदलून मागायची वेळ आलीच, तर आपली चांगली सीट देऊ कर – कुणी खिडकीसाठी वेगळे पैसे मोजलेले असतात, त्याला मागची मधली सीट कशी द्यायची? खिडकी देईल त्याला रांग मिळेल. आणि दुसऱ्याच्या जागेवर आधी बसून मग विचारू नकोस. एअर होस्टेसला सांग, ती विचारते तेव्हा लोक सहसा ऐकतात. नाही म्हणाले तरी राग धरू नकोस.

९. वाटेकडच्या सीटवर स्वतः बस – गरम पाण्याची ट्रॉली तिथून जाते, आणि लेकरांचे हात सतत बाहेर असतात.

१०. सोबत कुणाची तान्ही बाळं असतील, तर दोन तान्ही मांडीवर घेऊन एकाच बाजूच्या तीन सीटवर बसता येत नाही – ऑक्सिजनचा जादा मास्क तिथे एकच असतो. आपत्कालीन दाराच्या रांगेतही मुलांना बसवत नाहीत.

११. अमेरिकेतल्या भावाकडे गेलीस आणि तो तिथल्या साउथवेस्ट विमान कंपनीच्या जुन्या गोष्टी सांगू लागला, तर त्यावर विसंबू नकोस – तिथे पूर्वी सीटनंबर नव्हताच, सहा वर्षांपर्यंतची मुलं असलेल्यांना ए गटानंतर आणि बी गटाआधी आत सोडत. २७ जानेवारी २०२६ पासून तिथेही ठरलेल्या सीट आहेत.

१२. एवढं करूनही एकाच पीएनआरवरच्या लहानग्याला कुणी एकटं बसवलं, तर बोर्डिंग पास जपून ठेव आणि घरी आल्यावर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदव – कंटाळा करू नकोस, तुझ्यामागून येणाऱ्या आईला त्याचा उपयोग होईल.