शरकार गुरू : हातातले एक काम

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंविषयी सांगतात. पृथ्वी, वायू, आकाश, समुद्र हे गुरू आपल्या सहज ध्यानात राहतात. बाण तयार करणारा कारागीर, म्हणजे शरकार, मात्र पटकन आठवत नाही. दत्तजयंतीच्या निमित्ताने त्याच्याविषयी थोडे चिंतन.

गोष्ट इवलीशी आहे. शरकार बाण घडवत होता. अगदी जवळून राजा गेला, तरी त्याला पत्ता नाही. एवढेच पाहून अवधूतांनी त्याला गुरू केले.

हा शरकार रानात जाऊन बसलेला योगी नव्हे. राजा जातो अशा ठिकाणी बसून तो आपले रोजचे काम करीत होता. बाण जरा वाकडा राहिला तर नेम चुकणार, म्हणून मन तिथेच हवे.

त्याच्या आधी साळ कांडणाऱ्या कुमारीची कथा येते. हातात दोन कांकणे राहिली तरी आवाज होत होता. एकच ठेवले, तेव्हा शांत झाले. अवधूतांनी त्यातून एकान्ताचा बोध घेतला. मला वाटते, मनालाही तेच लागू आहे. आपली पोथी समोर असते, कान दाराच्या बेलकडे आणि मनात हिशोब, "अजून किती ओव्या राहिल्या?" मग कांकणे वाजणारच!

आमच्या सौ.ना पक्षाघात झाल्यापासून घास मी भरवतो. डॉक्टरांनी बजावले आहे : ताठ बसवा, लहान घास द्या, पहिला गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका. अन्न श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतू शकते. म्हणून जेवण होईपर्यंत टीव्ही बंद आणि फोन बाहेरच्या खोलीत. तिने घास गिळला, की मग पुढचा. त्या वेळी गल्लीतून वरात गेली तरी मी उठत नाही. शरकाराची गोष्ट अनेकदा वाचली होती. ती उमगली ती या ताटापाशी.

पण मन असे टिकावे कसे? भागवतात तिथेच उपाय दिला आहे : आसन आणि श्वास स्थिर करावा, वैराग्य व अभ्यास यांनी मन एका ठिकाणी आणावे. आपल्यासारख्या संसारी माणसाने याचा साधा अर्थ घ्यावा. राजा जातोय तर जाऊ द्यावा, हे त्या घटकेपुरते वैराग्य. मन पळाले की न चिडता परत आणावे, हा अभ्यास. ते दहादा पळेल, आपण अकराव्यांदा आणावे.

गुरुचरित्राच्या सप्ताहात रोज एक काम निवडून पाहा. फुले निवडणे, वात वळणे, औषधाच्या गोळ्या काढून ठेवणे, काहीही चालेल. ते संपेपर्यंत दुसरे हाती घ्यायचे नाही. हळूहळू जपालाही तीच सवय लागेल.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥