मोबाईलवरून पैशांची देवघेव : आधी सराव, मग व्यवहार

नवा फवारणी पंप आणला की आपण आधी साधे पाणी भरून पाहतो. यूपीआय व्यवहारही तसाच शिकावा. ही सोय २०१६ पासून आहे. तरी चुकण्याच्या भीतीने अनेकजण पिन सांगून फोन दुसऱ्याच्या हाती देतात. खरा धोका तेथे आहे.

सरावासाठी घरातील व्यक्तीला १ रुपया पाठवावा :

१) मोबाईल क्रमांक टाकून पडद्यावरील नाव वाचावे.
२) नाव बरोबर असेल तरच रक्कम भरावी.
३) पिन स्वतः टाकावा.
४) दोन्ही खात्यांतील शिल्लक तपासावी.

चार-पाच वेळा केल्यास हात बसतो.

पिन पैसे पाठविताना व शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेताना कधीच लागत नाही. म्हणून जनावर किंवा कांदा घेणारा ‘पैसे जमा होण्यासाठी कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणाला, तर ती फसवणूक समजावी. त्याच्या फोनवरील पावतीवर विसंबू नये. आपल्या खात्यात रक्कम आल्यावरच माल द्यावा.

फसवणूक झाल्यास संकोच न करता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी व बँकेस कळवावे.